सात मिनिटांचं रेकॉर्डिंग

वर्ना पिकेट एकोणीस वर्षं काउंटीच्या आपत्कालीन फोन केंद्रात काम करत होती. या एकोणीस वर्षांत तिने फोनवर बाळंतपणं करवली होती, घरांना आगी लागलेल्या ऐकल्या होत्या आणि एकदा तर स्वतःच्या चुलतदिराच्या हृदयविकाराच्या झटक्याचा फोनही तिनेच घेतला होता. घरी जाऊन यातलं ती काही सांगत नसे. नोकरीला लागताना तशी सहीच घेतात. पण सही नसती तरी तिने सांगितलं नसतं, असं तिचा नवरा हॉलिस म्हणायचा. ती मुळातच कमी बोलणारी.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी चारच्या सुमाराला तिने एक फोन उचलला. पलीकडे एक मुलगी कुजबुजत होती. न्हाणीघरात कोंडून घेतलंय, म्हणाली, आणि तो दार तोडतोय. दारावरचे धक्के वर्नाला हेडसेटमधून नीट ऐकू येत होते. तिने पत्ता घेतला, पोलिसांची गाडी रवाना केली आणि विचारलं, "तो कोण आहे, बेटा?"

"तुम्हाला माहीतच असेल. सगळ्यांनाच माहीत आहे."

"तरी मला नाव लागेल."

मुलीने नाव सांगितलं. कोल्टन रेडिक. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा गडी, सात नंबरचा. आदल्याच दिवशी त्याने शेवटच्या मिनिटाला सामना जिंकून दिला होता. वर्ना तेव्हा स्टेडियममध्ये होती आणि ओरडून ओरडून बसलेला तिचा घसा अजून सुटला नव्हता.

तिने नाव लिहून घेतलं. मुलीला टबात उतरून बसायला सांगितलं, दाराला पाठ लावू नकोस म्हणाली. हातात काय आहे, पायात काय आहे, खिडकीतून काय दिसतंय, असं एकेक विचारत राहिली, म्हणजे मुलगी बोलती राहील. मध्येच एक लाकूड फाटल्यासारखा मोठा आवाज आला. मग मुलगी नुसतीच "नको, नको" म्हणत राहिली, आणि मग पोलीस आत शिरल्याचा गलका झाला. सगळी मिळून सात मिनिटं. लाइन बंद झाली आणि लगेच पुढचा फोन आला. एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या स्वयंपाकघरात धूर कोंडला होता.

मंगळवारी बातमी फुटली. रेडिकला रविवारी पकडून त्याच दिवशी सोडलं होतं. प्रशिक्षक म्हणाले, प्रकरण कायद्याच्या हातात आहे, मुलगा सरावाला येईल. गुरुवारी असं कळलं की मुलीला तक्रार पुढे न्यायची नाही. मुलीचं नाव कुणी छापलं नाही. पोहण्याच्या संघात आहे एवढंच सगळीकडे बोललं जात होतं.

शनिवारी सकाळी सामन्याआधीच्या खाण्यापिण्यासाठी नेहमीप्रमाणे पिकेट मंडळी स्टेडियमशेजारच्या गवताळ मैदानावर पोहोचली. बावीस वर्षं त्यांची जागा तीच, मोठ्या ओकखाली, आणि शेजारीही तेच. डुएन स्ट्रिकलंड विमा विकायचा आणि शनिवारी शेगडीपासून हलायचा नाही. त्याची बायको जोलीन काउंटीच्या ग्रंथालयात होती. आणि तिसरे गेन्स सर. त्यांनी पस्तीस वर्षं शाळेच्या बँडला शिकवलं होतं. डुएनला ट्रंपेट शिकवायचा प्रयत्नही त्यांनी केला होता, त्याबद्दल ते अजून त्याची माफी मागत.

डुएनने बरगड्यांचं मांस शेगडीवर टाकलं आणि विषयाला तोंड फोडलं. "झालं ना आता? तिनेच तक्रार सोडली. संपलं."

"सोडली म्हणजे खोटी होती असं कुठे झालं?" जोलीन म्हणाली. ती उकडलेल्या शेंगा सोलत बसली होती.

"मग सोडली कशाला?"

"नव्वद हजार माणसं त्याच्या नावाने ओरडतात, डुएन. तिच्या नावाने कोण ओरडणार आहे?"

"तू तरी काय बोलतेस? गेल्या शनिवारी सात नंबरचा शर्ट घालून नाचत होतीस की."

"शर्ट धुवायला टाकलाय."

"आणि जिंकलो की इस्त्री करून घालशील."

जोलीनने त्याच्या दिशेने एक शेंग फेकली. ती शेगडीत पडली आणि चरचरली.

डुएनच्या म्हणण्याप्रमाणे, त्याच्या भाच्याचा मित्र रेडिकच्याच इमारतीत राहतो आणि आधी दिवा फेकला तो मुलीने. ती स्वतःच टबात घसरून पडली. वर्ना बटाट्याच्या सॅलडवरचं झाकण काढत होती. ते काढून झालं तसं तिने ते परत लावलं.

"सर, तुम्ही काय म्हणता?" हॉलिसने विचारलं.

गेन्स सरांनी चहाचा पेला गुडघ्यावर टेकवला. "मी काहीच म्हणत नाही. मी थांबतो. मी लहान असताना आमच्या भागात एका पोरावर आळ आला होता. कोर्टात जायच्या आधीच गावाने निकाल लावून टाकला. नंतर कळलं, तो त्या दिवशी गावातच नव्हता. तेव्हापासून कोण काय सांगतंय यापेक्षा त्याला ते कुठून कळलं, हे मी आधी बघतो."

"तेच म्हणतोय मी," डुएन म्हणाला.

"नाही, तू भाच्याच्या मित्राचं सांगतोयस."

यावर हॉलिस हसला. मग, बोलण्याच्या ओघात, तो म्हणाला, "मला विचाराल तर हल्लीच्या पोरींना नाव हवं असतं. मोठ्या खेळाडूच्या गळ्यात पडायचं, आणि त्याने सोडलं की बोंब मारायची. दोन वर्षांनी टीव्हीवर मुलाखत देताना दिसेल बघा."

वर्नाने त्याच्याकडे पाहिलं. हॉलिस वाईट माणूस नव्हता. तिच्या आईला शेवटची चार वर्षं त्यानेच अंघोळ घातली होती. तो हे बोलला आणि लगेच खुर्चीची घडी नीट बसत नाही म्हणून खाली वाकून तिचा स्क्रू बघू लागला.

"वर्ना, तुझं काय म्हणणं?" जोलीनने विचारलं. "तू गप्पच आहेस."

"माझं म्हणणं, मांस करपतंय," वर्ना म्हणाली.

सगळे हसले, डुएन शेगडीकडे धावला आणि बोलणं दुसरीकडे वळलं.

त्या दिवशी रेडिकने चार टचडाउन करवले, म्हणजे चारदा चेंडू विरोधी बाजूच्या रेषेपलीकडे पोचवला. पहिल्या दोनांना वर्ना बसून राहिली. तिसऱ्याला चेंडू पन्नास यार्ड हवेत गेला, अगदी कोपऱ्यात धावणाऱ्या गड्याच्या बोटांत येऊन पडला, आणि सगळं स्टेडियम उठलं. तीही उठली. टाळ्यासुद्धा वाजवल्या. चार-पाच टाळ्या वाजवून झाल्यावर तिचं तिलाच कळलं, तेव्हा हात खाली घेऊन ती हळूच बसली. कुणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

दरम्यान गावातल्या वर्तमानपत्राने फोनच्या रेकॉर्डिंगसाठी अर्ज केला होता. काउंटीच्या वकिलांनी तीन आठवडे टाळाटाळ केली, पण कायद्याने ते द्यावंच लागत होतं. केंद्राच्या प्रमुखाने वर्नाला बोलावून सांगितलं, मुलीचं नाव काढलेलं असेल, तुझं नावही कुठे येणार नाही. "आवाज मात्र बदलत नाहीत," तो म्हणाला. वर्ना म्हणाली, ठीक आहे.

सहाच्या बातम्यांना ते लागलं. हॉलिस मक्याची भाकरी मोडत होता. पडद्यावर सात नंबरचा फोटो, खाली शब्द सरकताहेत, आणि वर्नाचा आवाज खोलीत घुमला. दाराला पाठ लावू नकोस, बेटा. खिडकीतून काय दिसतंय ते सांग मला. मग ते लाकूड फाटलं आणि "नको, नको" सुरू झालं.

हॉलिसने घास खाली ठेवला. रेकॉर्डिंग संपलं, जाहिरात लागली, तेव्हा त्याने टीव्ही बंद केला.

"ती तू होतीस."

"हो."

"म्हणजे त्या शनिवारी तुला माहीत होतं."

"रविवारपासून माहीत होतं."

"मला सांगता आलं नसतं? मी काय गावभर करणार होतो?"

"सही केलीय मी, हॉलिस. तुलाही नाही आणि कुणालाच नाही."

त्याने भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला सरकवला. "मी तिच्याबद्दल काय काय बोललो," तो म्हणाला. "तू समोर बसून ऐकत होतीस."

"हो."

"मग मला गप्प तरी करायचंस. गप्प करायला काही सही आडवी येत नव्हती."

वर्नाने स्वतःही हाच विचार केला होता, गाडी चालवताना, अनेकदा. गप्प बस, एवढं म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण बावीस वर्षांत त्या झाडाखाली ती कुणाला गप्प बस म्हणाली नव्हती, आणि त्या दिवशी म्हणाली असती तर का म्हणाली हे सगळ्यांना कळलं असतं. तिने हॉलिसला एवढंच सांगितलं, "जमलं नाही."

पुढच्या शनिवारी जायचं की नाही यावर दोघं काही बोलले नाहीत. शनिवार आला, तशी हॉलिसने गाडीत खुर्च्या भरल्या. झाडाखाली डुएन शेगडी पेटवत होता. तो वळलाच नाही.

"आम्हाला चांगलं वेड्यात काढलंस," तो शेगडीकडे बघत म्हणाला. "आम्ही बडबडतोय, आणि तू आपली बटाट्याचं सॅलड घेऊन बसलीस."

"मला बोलता येत नव्हतं."

"मग यायचं नाही. घरी बसायचं. मित्रांना तोंडावर पडू द्यायचं नाही."

"तोंडावर तू तुझ्या जिभेने पडलास," जोलीन म्हणाली. "तिने ढकललं नाही."

"आणि मी अजून सांगतो," डुएन आता वळला, "त्यात मारल्याचं कुठे आहे? दार तोडल्याचं आहे. दार तोडणं म्हणजे मारणं नव्हे. दार त्याच्या घरचं होतं."

शेजारच्या तंबूत रेडिओवर बँड वाजत होता. हॉलिस उठला. सभ्य माणूस, आवाज चढवणाऱ्यातला नव्हे. तो म्हणाला, "डुएन, मी ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकलंय. माझ्यासमोर हे परत बोलू नकोस."

"नाहीतर काय करशील?"

"काही करणार नाही. मी तिकडे जाऊन बसेन." आणि तो खरंच खुर्ची उचलून झाडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. भल्या थोरल्या माणसाने खुर्ची बगलेत मारून चालत जाणं जरा विनोदी दिसलं, पण हसलं कुणी नाही.

गेन्स सर वर्नाशेजारी येऊन बसले. "मी थांबा म्हणत होतो," ते म्हणाले, "आणि तू माझ्यापासून तीन फुटांवर होतीस. माझं बोलणं तुला कसं लागलं असेल, याचा मी आठवडाभर विचार करतोय."

"तुमचं चूक नव्हतं, सर. तुम्हाला माहीत नव्हतं."

"हो. पण खरं सांगू? थांबायला मला काही जड गेलं नाही. मला सामना बघायचा होता. थांबतो म्हटलं की सामनाही बघता येतो."

वर्ना म्हणाली, "तिसऱ्या टचडाउनला मी उभी राहिले होते."

"मी चारही वेळा," सर म्हणाले.

रेकॉर्डिंग देशभर ऐकलं गेलं, तसं विद्यापीठाने रेडिकला उरलेल्या मोसमातून काढलं. त्याच्याशिवाय संघ चारपैकी तीन सामने हरला. वाण्याच्या दुकानात एक अनोळखी बाई वर्नाचा आवाज ऐकून थबकली आणि म्हणाली, "ती तुम्हीच ना? झालं आता समाधान?" वर्नाने आपली पिशवी भरली आणि बाहेर आली. त्याच आठवड्यात केंद्राच्या पत्त्यावर पंधरा-वीस पत्रं आली, बहुतेक बायकांची, आणि प्रमुखाने ती तिच्या टेबलावर ठेवली. तिने सगळी वाचली. कुणालाच उत्तर पाठवलं नाही. काय लिहायचं ते तिला सुचलं नाही.

जानेवारीत सरकारी वकिलांशी तडजोड करून रेडिकने किरकोळ गुन्हा कबूल केला, समुपदेशनाचे वर्ग पुरे केले आणि पश्चिमेकडच्या दुसऱ्या विद्यापीठाने त्याला घेतलं. मुलगीही विद्यापीठ सोडून गेली. कुठे गेली ते वर्नाला कळलं नाही, आणि कळण्याचं काही कारणही नव्हतं. फोन घेणाऱ्याला पुढचं कधीच कळत नाही, हे केंद्रात कामाला येणाऱ्या नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगायची.

वसंतात स्टेडियममधल्या त्यांच्या राखीव जागांच्या नूतनीकरणाचं पत्र आलं. हॉलिसने ते जेवणाच्या टेबलावर आठवडाभर तसंच ठेवलं. शेवटी त्याने विचारलं, जागा ठेवायच्या का.

"तुझी घे," वर्ना म्हणाली. "माझी जोलीनच्या बहिणीला दे. तिला केव्हापासून हवी आहे."

"तू रागावली आहेस का?"

"नाही."

"मग?"

तिने पत्राची घडी घातली. "मला त्या गर्दीत उभं राहायला आवडायचं, हॉलिस. फार आवडायचं. आता आपण कशासाठी उठतोय ते मी आधी बघत बसेन, आणि तसं बघत बसलं की मजा येत नाही."

सप्टेंबरमध्ये पहिला सामना होता. एरवी शनिवारची पाळी घ्यायला कुणी तयार नसे, या वेळी वर्नाने ती मागून घेतली. हॉलिस सकाळी एकटाच खुर्ची घेऊन गेला. डुएनशी तो पुन्हा बोलू लागला होता, पण हवामानाबद्दल आणि नव्या क्वार्टरबॅकबद्दलच. सामना सुरू झाला की तासभर गावातले फोन जवळजवळ बंदच होतात. शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने रेडिओ लावला, मग तिला काहीतरी आठवलं असावं, कारण तिने घाईने बटणाकडे हात नेला.

"राहू दे," वर्ना म्हणाली. "किती झालेत?"

"आपण सातने मागे आहोत."

वर्नाने मान हलवली. दुसऱ्या लाइनवर दिवा लागला तसा तिने हेडसेट नीट केला आणि फोन घेतला.