दोन दिवसांची नदी

"अजून आवळ. थेंबसुद्धा नदीत पडता कामा नये," मॅनेजर सामंत नाकाला रुमाल लावून म्हणाले.

गुणाजीने एक पाय भिंतीला टेकवला आणि अंगाचा सगळा भार टाकून चाक ओढलं. गंजलेलं चाक पाव फेरा फिरलं, करकरलं आणि थांबलं. भिंतीपलीकडे नदीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज बारीक होत गेला आणि बंद पडला. रोज आवळल्यावरही एक धार गळतच राहायची. इतक्या वर्षांत तो आवाज पूर्ण बंद झालेला गुणाजीने पहिल्यांदाच ऐकला. त्याला उगीच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"किती दिवस, साहेब?"

"आज, उद्या आणि रविवार दुपार. शेठचे जावई बोट घेऊन येतायत."

"बोट? ह्या नदीत?"

"स्पीडबोट. पाहुणे घेऊन, खाडीतून वर इथपर्यंत. त्यांना नदीची सहल सुरू करायची आहे, हॉटेलातल्या बड्या लोकांसाठी. आणि ऐक, तू कोकणातला ना? तुझ्या बापाची होडी होती म्हणतात. भरतीला पाणी किती आणि गाळ कुठे ते सांगायला रविवारी तू बोटीवर बसायचंस."

"टाकी तेवढं धरणार नाही, साहेब. रविवार संध्याकाळपर्यंत काठोकाठ भरेल."

"मग रविवारी संध्याकाळी सोड. त्याच्या आत नाही."

गोरेगावच्या टोकाला, ओशिवरा नदीला पाठ करून तो कपड्याच्या रंगांचा कारखाना उभा होता. रंग काढून झाला की उरायचं ते तेजाबाचं पाणी एका मोठ्या टाकीत जमायचं. गुणाजी तावडे रोज पहाटे चारला येऊन टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि उजाडायच्या आत पुन्हा आवळायचा. सोमवारी नदी तांबडी असायची, गुरुवारी निळी. एकोणीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं, आणि काम म्हणून चोख केलं होतं. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर पाणी उसळून काठावर चढतं, म्हणून तो पाव पाव फेरा देत, अंदाज घेत उघडायचा. एवढंच काय ते त्याच्या हातात होतं.

कारखान्याच्या खाली, पुलाच्या अलीकडे वस्ती होती. गुणाजी तिथेच राहायचा. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं की नदी कारखान्याने नासवली. पण पाणी सोडतो कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गुणाजीने बायकोलासुद्धा सांगितलं होतं की आपण बॉयलरवर आहोत. पहाटे पेटवावा लागतो म्हणून लवकर जावं लागतं. रुक्मिणी बिचारी साडेतीनला उठून त्याला चहा करून द्यायची.

शेजारच्या खोलीत खंडू आणि शकु राहायचे, खंडूची म्हातारी आई सोनूबाई त्यांच्याजवळ असायची. दुष्काळात परभणीकडून आलेलं घर. नदीकाठी गोधड्या धुऊन देण्याचं काम सोनूबाईने बारा वर्षं केलं होतं. तिच्या पायांना जखमा झाल्या त्या भरल्याच नाहीत. दोन वर्षांमागे डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. तेव्हा तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं ते गुणाजीने. रांगेत उभा राहिला, केसपेपर काढला, रात्रपाळीच्या नर्सला हात जोडले. "सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलंत, काका," असं शकु म्हणाली होती, आणि गुणाजी त्या रात्री जेवला नव्हता.

शनिवारी दुपारीच वस्तीत हाकाटी झाली. नदी निवळली होती. तळाचे दगड दिसत होते. आधी पोरं उतरली, मग बायका. शकु दारात येऊन सांगून गेली, "काकी, चला गं! पाणी झकास झालंय, वास पण नाही. कारखाना बंद पडला बहुतेक, वाटोळं होवो त्याचं."

रुक्मिणीने हसून गुणाजीकडे पाहिलं. "कारखानो बंद पडलो तर आमका खावक कोण घालतलो?"

गुणाजीने दार लोटून घेतलं.

रविवारी अकराच्या भरतीला बोट आली. पांढरीशुभ्र, कडेला लाल पट्टा, मोटारीसारखं स्टिअरिंग. जावई चंद्रप्रकाश स्वतः चालवत होता. मागे जुहूच्या कुठल्याशा हॉटेलचा मालक आणि त्याची बायको अनुपमा. बाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा. गुणाजीला पुढच्या टोकावर बसवलं आणि हातात बांबू दिला.

बांबू हातात आला आणि गुणाजीला काय झालं कोण जाणे. कालावलच्या खाडीत बापाच्या होडीवर तो असाच पुढे बसायचा. पस्तीस वर्षं झाली असतील. पण पाण्याचा रंग पाहून खोली ओळखणं डोळे विसरले नव्हते. "उजवीकडे घ्या, डावीकडे गाळ आहे. आता सरळ. आता सोडा बिनधास्त!" चंद्रप्रकाशने इंजिन सोडलं. बोटीचं नाक वर उठलं, दोन्ही बाजूंना पाणी पंख्यासारखं उडालं, आणि अनुपमाबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या. तिवरांतून बगळे उठले. दूर स्टुडिओंची उंच छपरं, तबेल्यांच्या म्हशी, कारखान्यांच्या पाठी, सगळं झरझर मागे गेलं. गुणाजीला वाटलं, आपण कुठल्या दुसऱ्याच गावात आलो.

वस्ती आली तेव्हा सगळा काठ माणसांनी भरला होता. पोरं टाळ्या पिटत होती. शकुने त्याला ओळखलं.

"अहो, ते बघा गुणाजीकाका! काय काका, शेठ झालात की!"

गुणाजीने बांबू उंच करून हलवला. छाती भरून आली होती. त्याला बघून एवढी माणसं खूष होऊन हसलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती.

पुलाशी बोट वळवताना वेग कमी झाला. अनुपमाबाई पुढे सरकल्या. "काका, तुम्ही इथलेच का हो? किती छान नदी आहे. आणि लोक हिला नाला म्हणतात! मासे असतील ना?"

चंद्रप्रकाशने मान वळवली नाही, पण गुणाजीला त्याची पाठ ताठ झालेली दिसली.

"आहेत, बाई," गुणाजी म्हणाला. "बोय मिळते. पावसानंतर चिंबोऱ्या पण."

"बघा! आणि पाणी नेहमी एवढंच स्वच्छ असतं?"

"असतं. वस्तीवाले कचरा टाकतात तेवढंच."

हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते त्याच्या तोंडून आपणहून गेलं. बाईंनी चुकचुकल्यासारखं केलं, काठावरच्या बायकांचा एक फोटो काढला, आणि चंद्रप्रकाश समाधानाने म्हणाला, "कहा था ना मैंने, थोडे झोपडे हटे तो फर्स्ट क्लास!" गुणाजी पाण्याकडे बघत राहिला. परतताना त्याने खोली सांगितली, पण आवाज पहिल्यासारखा मोकळा येईना.

साडेचारला तो कारखान्यात पोचला तेव्हा टाकी काठाला टेकली होती. वरून वाफ येत होती. सामंत घड्याळ बघत उभे होते.

"पाचला उघड. सहाला नवा माल चढतोय."

"साहेब, पूर्ण ओहोटी आहे. वरचं गोडं पाणी आलंय, अख्खी वस्ती पाण्यात आहे. रविवार आहे, बायका गोधड्या घेऊन उतरल्यात. काळोख पडू दे, मी थांबतो."

"टाकी फुटली तर तू भरून देणार?"

"मग अर्धा तास द्या. सांगून येतो."

"काय सांगणार? आमच्या कंपनीचं तेजाब येतंय म्हणून?" सामंतांचा आवाज एकदम खाली आला. "गुणाजी, निवृत्तीला तुझी चार वर्षं उरली आहेत. शहाण्यासारखा वाग. पाच म्हणजे पाच."

गुणाजीने व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला. मग काढला. मागच्या फाटकातून तो बाहेर पडला, आधी चालत, मग पळत. चौपन्नाव्या वर्षी माणूस पळतो तेव्हा बघणाऱ्याला हसू येतं. वाटेवरचे दोघेतिघे हसलेसुद्धा.

काठावर जत्रा होती. दगडादगडावर कपडे आपटले जात होते, पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती. सोनूबाई मधल्या सपाट दगडावर दोन्ही पाय पाण्यात सोडून बसली होती.

"बाहेर या!" गुणाजी ओरडला. "सगळी बाहेर या! तेजाबाचं पाणी सुटतंय!"

"कोण म्हणतं?" खंडू खालून म्हणाला. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून गोधडी पिळत होता. "कारखाना तर बंद हाय की."

"बंद नाही. बोटीसाठी पाणी अडवलं होतं. पाचला सोडतायत."

"तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही तर बॉयलरवर," शकु म्हणाली.

गुणाजीला धाप लागली होती. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

"मी बॉयलरवर नाही, शकु. पाणी सोडतो तो मीच. रोज पहाटे. एकोणीस वर्षं मीच सोडतोय."

कपडे आपटायचे थांबले. मग कुणी पोराचा दंड धरला, कुणी हातात येईल ते उचललं, आणि सगळी काठाकडे पळाली. खंडू मात्र जागचा हलला नाही. हातातली गोधडी तशीच धरून तो गुणाजीकडे बघत राहिला. शकुने येऊन त्याला ओढत वर नेलं. सोनूबाईला पळता येत नव्हतं. गडबडीत प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने तिला धरलं असेल. ती एकटी दगडावर राहिली.

गुणाजी पाण्यात उतरला.

"आरं, ऱ्हाऊ दी की जरा," म्हातारी म्हणाली. तिला ऐकू कमी यायचं. "दोन दिस लई बरं वाटतंय बघ पायाला. आग थांबलीया."

त्याने तिला दोन्ही हातांवर उचललं. तिचं वजन नव्हतंच. तो वळला आणि त्याला आवाज आला. पाच वाजायला अजून अवकाश होता, पण सामंतांनी वाट पाहिली नव्हती. काशीराम वॉचमनला चाकाला लावलं होतं, आणि पाव पाव फेरा द्यायचा असतो हे काशीरामला कुणी सांगितलं नव्हतं. वळणावरून पाणी उसळत आलं, तांबडंलाल, वर पांढरा फेस. गुणाजीने म्हातारीला खांद्यापर्यंत वर धरलं. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत चढलं. काठ सात-आठ पावलांवर होता. ती पावलं तो धावला नाही. धावलो तर पडू आणि पडलो तर ही पाण्यात जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एकेक पाय रोवत तो वर आला आणि सोनूबाईला शकुच्या हवाली केलं. तिच्या अंगावर थेंब उडाला नव्हता. मग तो खाली बसला आणि ओरडला.

त्याच्या पायांवर कुणीतरी पिण्याच्या पाण्याचे हंडे ओतले. कोण ते त्याने पाहिलं नाही. हॉस्पिटलात रुक्मिणी त्याला घेऊन गेली, रिक्षात ती दोघंच होती.

तिसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस पाकीट देऊन गेला. परवानगीशिवाय कामाची जागा सोडली आणि कंपनीची बदनामी केली म्हणून गुणाजी तावडे यांना कामावरून दूर करण्यात येत आहे. युनियनच्या माणसाने पत्र वाचून दाखवलं आणि "बघू," म्हणून निघून गेला.

रुक्मिणी पट्ट्या बदलायची, वेळेवर जेवण वाढायची. बोलत मात्र नव्हती. आठव्या दिवशी ती म्हणाली, "माका तरी सांगूचा होतास."

"सांगितला असता तर सुखान जेवलं असतंस?"

"नाय," ती म्हणाली, आणि पट्टीची गाठ मारली.

वस्तीतून कुणी दगड मारायला आलं नाही, की शाबासकी द्यायलाही. माणसं दारावरून जायची तेव्हा नळाच्या, भाजीच्या गप्पा चालू असायच्या. दार आलं की बंद व्हायच्या, दार गेलं की पुन्हा सुरू. सोनूबाईने एकदा तिथून जाताना हात वर केला होता, पण शकुने तिचा दंड धरून तिला पुढे नेलं.

पंधरवड्याने शकुच दारात आली. हातात फुलस्केप कागद होता. कारखान्याचं पाणी बंद करा म्हणून वस्तीने महापालिकेला आणि कलेक्टरला अर्ज लिहिला होता. खाली तीसेक अंगठे आणि सह्या होत्या.

"खंडू बोलला, तुमची सही पाहिजे," ती उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हणाली. "आतल्या माणसाची असली तर जोर येतो. नाही म्हणालात तरी चालेल."

"आण," गुणाजी म्हणाला. सही केली की युनियनही हात वर करणार, फंडाचे पैसे अडकणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने कागद मांडीवर घेतला. नावाखाली हुद्द्याची रेघ होती. तिथे त्याने सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नदीत पाणी सोडणारा', आणि सही केली.

शकुने वाचलं. तिने कागदाची घडी केली.

तेवढ्यात रुक्मिणी आतून चहा घेऊन आली. दोन कप होते. बारा वर्षं शकु या घरात न विचारता स्टोव्हजवळ बसून चहा प्यायली होती, कधी कपात, कधी उरलेला बशीत.

"घे गं," रुक्मिणी म्हणाली.

"नको काकी. घाई आहे. अर्ज न्यायचाय."

ती गेली. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीच्या ओट्यावर शकु बसलेली गुणाजीला दिसली. कुणीतरी तिला चहा आणून दिला. ती फुंकर मारत, सावकाश पीत होती.

रुक्मिणी हातात कप घेऊन तशीच उभी होती. चहावर साय धरली.

"आण तो हंयसर," गुणाजी म्हणाला. त्याने आधी आपला संपवला, मग शकुचा. गार झालेला, तळच्या पत्तीसकट, शेवटच्या घोटापर्यंत.