बत्तीस नंबरच्या पेशी

“सर, बत्तीस नंबरचा रिपोर्ट मागे घ्या.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “का?”

“पेशी बाटलीतून सोडवल्या आणि लगेच औषध टाकलं. त्यांना विसावूच दिलं नाही.”

“अहो, बावीस वर्षं झाली तुम्हाला या प्रयोगशाळेत!”

झाली. बावीस वर्षं मी कॅन्सरच्या पेशींना खाऊपिऊ घालते आहे, आणि ही चूक कालपरवा नोकरीला लागलेली मुलगीसुद्धा करत नाही. पेशी बाटलीच्या तळाला घट्ट चिकटलेल्या असतात. त्या सोडवायला जे रसायन घालतो, ते त्यांच्या अंगावरचं बरंच काही कापून टाकतं. त्यात डेथ रिसेप्टरही जातो. हा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दाराची कडी म्हणा. बाहेरून वाजवली, की पेशी निमूटपणे स्वतःला संपवते. आमचं नवीन औषध ही कडी वाजवतं. पण कडीच नसेल तर वाजवणार काय? म्हणून सोडवलेल्या पेशी एक रात्र उबेत ठेवायच्या, रिसेप्टर परत येऊ द्यायचे, मगच औषध. मी ठेवल्या नाहीत. पेशी जिवंत राहिल्या आणि मी लिहून दिलं, या रुग्णाला औषधाचा उपयोग नाही.

हा रुग्ण म्हणजे माझी मोठी नणंद.

नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो. पण हा नमुना आला त्या दिवशी ऑपरेशन एकच झालं होतं, आणि नमुन्याचा डबा मीच घेऊन आले होते. बाकीचे सगळे उपचार करून झाले होते. या औषधाच्या चाचणीत नाव लागलं तर थोडी आशा, नाही तर दुखणं कमी करायच्या गोळ्या. नावनोंदणी शुक्रवारी बंद होणार होती आणि आज सोमवार होता.

खोटं कशाला बोलू, ती बाई मला कधीच आवडली नाही. लग्नानंतर सहा वर्षं मूल झालं नाही, तेव्हा तिनं साऱ्या नातेवाइकांत पसरवलं, की ही दिवसभर विषात हात घालते, हिची कूस कशी उजवणार? ऑपरेशननंतर ती आमच्याकडेच राहायला आली. बत्तीस नंबर तपासायचा होता त्या सकाळी मी तिला दूध घेऊन गेले, तर बाईसाहेब फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, “भावजयीच्या हातचं प्यायचं म्हणजे जीव मुठीत धरून. बाटल्या धुणारे हात ते!” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मी कामावर आले आणि तिच्याच पेशी हातात घेतल्या.

“नमुना कुणाचा, माहीत होतं?” सरांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

“मुद्दाम केलंत?”

‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. “माहीत नाही,” मी म्हणाले.

सर उठलेच. “घरच्या माणसाचा नमुना! तुम्ही हातच कसा लावलात त्याला? आत्ताच्या आत्ता घरी पाठवायला हवं तुम्हाला!” बाहेर सगळे कान देऊन ऐकत होते. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिच्या पेशींची गोठवलेली एकच कुपी उरली होती. ती वाया गेली असती तर सगळंच संपलं असतं. बाकीच्यांचा हात अजून तितका बसला नव्हता, आणि सरांनी स्वतः पिपेट धरल्याला पंधरा वर्षं झाली होती.

“तुम्हीच करा,” शेवटी ते म्हणाले. “मी शेजारी बसणार. माझा तुमच्यावर विश्वास राहिलेला नाही.”

ते खरंच बसले. सोमवारी कुपी वितळवली, मंगळवारी पेशी सोडवून रात्रभर ठेवल्या, बुधवारी औषध टाकलं. गुरुवारी सकाळी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मरा गं, मरा एकदाच्या, मी मनात म्हणत होते. ही बाई मरावी असं कधी रागाच्या भरात मनात येऊन गेलंही असेल. पण तिच्यातलं काहीतरी मरावं म्हणून माझा जीव असा कधी कासावीस झाला नव्हता.

शेजारच्या ताटलीत तुलनेसाठी तेच औषध दिलेल्या, आमच्या नेहमीच्या, रिसेप्टर असलेल्या पेशी होत्या. त्या मरून तरंगत होत्या. नणंदेच्या पेशी तळाला चिकटून मजेत होत्या. रिसेप्टर मोजणाऱ्या मशीननंही तेच सांगितलं. तिच्या पेशींवर रिसेप्टर नव्हताच, पहिल्यापासूनच नव्हता.

“म्हणजे तुमचा आधीचा रिपोर्ट बरोबरच होता,” सर खुर्ची मागे सारत म्हणाले. कुणी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

तिचे डॉक्टर तिला फोन करणार होते. मी त्यांना थांबवलं आणि दुपारीच घरी गेले.

“ताई, ते नवीन औषध तुम्हाला लागू पडणार नाही.”

“कोण म्हणतं?”

“मी तपासलं.”

“तू? तू बाटल्या धुतेस ना तिथं?”

“पेशीही तपासते. तुमच्या मीच तपासल्या.”

मग पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. “नीट बघितलंस?”

“दोनदा तपासलं, ताई.”

“पहिल्यांदा नीट केलं असतंस, तर दोनदा कशाला करावं लागलं असतं?”

तिच्या पायांवरचं पांघरूण घसरलं होतं, ते सारखं करायला मी वाकले. तिनं पाय जवळ घेतले आणि पांघरूण स्वतःच्या हातानं वर ओढून घेतलं.