बाटली हलवायची नाही!

तेल काही केल्या पाण्यात मिसळायला राजी नसतं. औषधाच्या कारखान्यात संशोधन करणाऱ्या सूनबाईंनी सहा वर्षं डोकं फोडून ते मिसळवलं. सांधेदुखीच्या तेलकट औषधाचे थेंब त्यांनी इतके बारीक केले, की बाटली पाण्यासारखी नितळ दिसते आणि वर्षभरानंतरही वर तवंग येत नाही. मग साहेबांशी भांडून लेबलावरची ‘घेण्यापूर्वी नीट हलवा’ ही ओळही काढायला लावली. पहिली बाटली ऐटीत सासूबाईंच्या हातात ठेवली.

सासूबाई ती रोज पाच मिनिटं खळाखळा हलवू लागल्या.

“अहो आई, हलवायची गरजच नाही. सहा वर्षं तेच तर केलं मी!”

“न हलवता कुठं औषध लागू पडतं? काहीतरीच तुझं.”

महिन्याभरात सासूबाई काठीशिवाय जिना चढल्या आणि शेजारणींना सांगत सुटल्या, “औषध म्हणजे नुसतं पाणी हो, पण माझ्या हाताला गुण आहे!”

परवा त्या खांदा चोळत आल्या.

“गुडघा बरा झाला गं, आता खांदा धरलाय. त्यावरही काहीतरी काढ. आणि या खेपेला हलवावं लागेल असं काढ. असलं बिनकष्टाचं नको.”