खुरातलं मीठ

फाल्गुनातली सकाळ खाडीवर उतरत होती. ओहोटीने ओला ठेवलेला चिखल रुपेरी झाला होता. तिवरांच्या पानापानावर कोवळं सोनं थबकलं होतं. आणि दूर, शेजाऱ्यांच्या मिठागरांत, शुभ्र राशी उभ्या होत्या. जणू वाट चुकलेले ढग बांधावर विसावा घ्यायला बसले होते.

एक आगर मात्र रितं होतं. हसुरामचं. तिथे ना रास, ना पाणी, ना पावलांची चाहूल. होती फक्त भेगाळलेली करडी भूमी, आणि बांधाला पडलेलं एक भगदाड.

गेल्या वर्षी उधाण आलं, बांध पाझरू लागला, तेव्हा शेजारच्या आगरातून पोशा ओरडला होता, "हसुदादा, माती टाकाला येऊ काय?"

"माज्या बांधाला दुसऱ्याची माती नाय लागत!" हसुराम ताठ मानेने म्हणाला होता. "समिंदराला मीठ कराला मीच शिकवला!"

समुद्राने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. पण दुपार कलायच्या आत बांध गेला, पीक गेलं, आणि एकट्याने ढेकळं उचलता उचलता हसुरामची कंबर गेली.

त्या दिवसापासून त्याने देवापुढे दिवा लावला नाही. "राबलो मी, आनि बुडवलास पन मलाच," एवढंच तो देवाला बोलला. मग अबोला. ओल्या मातीसारखा जड, दिवसागणिक टणक होत जाणारा अबोला.

आज आगर एकदा डोळे भरून पाहायचं आणि उद्या सोडून द्यायचं, कायमचं, असं ठरवून तो काठी टेकत आला होता. सोबत होती नात जयवंती, वाऱ्याच्या पायांची, प्रश्नांच्या डोळ्यांची.

"आजा, बग! मीठ!"

"येडे, इथं मीठ कनचा? आजा पडलेला, बांध फुटलेला. केल्याबिगर मीठ व्हतंय काय?"

"मंग हा कोनी केला?"

हसुरामने वाकून पाहिलं. कधीतरी म्हशी हा चिखल तुडवून गेल्या होत्या. त्यांच्या खुरांच्या ठशांत भरतीचं ओंजळभर पाणी मागे राहिलं होतं, आणि आटता आटता लखलखलं होतं. ठशाठशात मीठ. शुभ्र, चौकोनी, रेखीव कण. कुणी निवांत बसून घडवल्यासारखे.

"उन्हानं केला," तो म्हणाला.

"उन्हाला कोनी सांगितला?"

"वारा व्हता ना संगतीला."

"आनि वाऱ्याला?"

किती पाणी घ्यावं, किती आटवावं, कोणत्या वाऱ्याला कोणता वाफा उघडा ठेवावा, सारं हसुरामला ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं. आणि नवल असं, की ते न ठाऊक असणं बोचलं नाही. बंद खोलीची खिडकी उघडावी तसं गार, मोकळं वाटलं.

आपण रुसून घरात बसलो, तेव्हा इथे कामावर कोण येत होतं? न मीठ ओढायची फळी, न मजूर, न बांध. आणि तरी खुराखुरात मीठ पिकत होतं. अबोला त्याने धरला होता. पलीकडून कुणी धरलाच नव्हता.

कळ सोसत, कण्हत, हसुराम गुडघ्यांवर बसला. एक कण जिभेवर ठेवला. ही चव त्याने जन्मभर पारखली होती. आज प्रथमच प्रसादासारखी घेतली. हात आपोआप जुळले. कुणीकडे जोडावेत ते कळेना, म्हणून तो तिथेच, त्या ठशावर, वाकला.

जयवंती खुदकन हसली. "आजा, म्हशीच्या पाया पडतस?"

"पडतो, बाय. आज म्हशीच्या बी पडतो."

मग तो काठीवर भार देत उभा राहिला. शेजारच्या आगराकडे तोंड करून त्याने साद घातली, "पोशाऽ! माती टाकाला येशील काय?"



"वरीस लागला रं तुला इचाराला!" पोशाचं हसणं आलं, आणि त्याच्या मागोमाग खांद्यावर घमेली घेतलेली माणसं आली.

बांध सांधला गेला. भरती चढली. उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडली, आणि पाणी आलं. हळूहळू, वाफ्यामागून वाफा भरत आलं. पाण्याबरोबर सूर्य आला, ढग आले, बगळ्यांची उडती रांग आली; त्या करड्या भूमीवर सारं आकाश उतरलं, थोडं हललं, आणि स्थिर झालं.