पहिली सुई

सर्जिकल वॉर्डात नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या बाईंची एक रीत होती. कुठल्याही मुलीची पहिली सुई पेशंटला टोचू द्यायची नाही. बाई स्वतःची बाही वर करायच्या, सिरिंजमध्ये थोडं सलाईन भरायला लावायच्या आणि म्हणायच्या, "दुखलं तर मला दुखेल. तू कशाला घाबरतेस?" किती मुलींची पहिली सुई त्या दंडात गेली, याचा हिशेब बाईंनी कधी ठेवला नाही. त्यांची सख्खी धाकटी बहीणही त्यातलीच.

मग नियम आला. वॉर्डात मुलींना शिकवायचं तर नर्सिंगची पदवी हवी, डिप्लोमा चालणार नाही. बाईंकडे डिप्लोमाच होता. नियम तसा वावगा नव्हता, बाईंनाही तो पटत होता, आणि खरं दुखणं तेच होतं. रागवायचं तरी कोणावर? काही वर्षांपूर्वी नर्सिंग कॉलेजने एका नर्सला पगारी रजेवर पदवीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा पहिला मान बाईंचाच होता. "या वयात शिंगं मोडून वासरांत कुठे शिरू?" असं म्हणत त्यांनी हौसेने धाकटीचं नाव पुढे केलं होतं. आता धाकटी पदवी घेऊन आली आणि बाईंच्याच जागी लागली. बाई उरल्या नुसत्या वॉर्डाच्या नर्स. रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी धाकटी घरी येऊन रडली, मी नाही म्हणून कळवते म्हणाली. तू जागा सोडलीस तर तिसरीच कोणी येईल, मला थोडीच देणार आहेत, अशी समजूतही बाईंनाच घालावी लागली.

सकाळी धाकटीने मुलींना प्लॅस्टिकच्या हातावर सुई टोचायला शिकवलं. बाई पलीकडे ड्रेसिंगची ट्रॉली लावत होत्या, कान मात्र तिकडेच. सगळ्यांना जमलं. एक मुलगी तेवढी रडवेली झाली. प्लॅस्टिकला टोचते हो, म्हणाली, पण जिवंत माणूस समोर आला की हात लटपटतात. बाईंची बाही कधी वर गेली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्या दोन पावलं पुढेही आल्या.

धाकटीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग स्टूल ओढून बसली आणि स्वतःची बाही वर केली.

"टोच," ती मुलीला म्हणाली. "दुखलं तर मला दुखेल. तू कशाला घाबरतेस?"

सुई गेली. जराशी तिरकी गेली, पण गेली. मुलगी हसली, तशा बाकीच्याही हसल्या. धाकटीने तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. बाईंनी तिला तसंच शिकवलं होतं. बाईंना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्यांची बाही अजून वरच होती.

"ताई, जरा कापूस दे गं," धाकटी म्हणाली.

कापूस द्यायला पदवी लागत नाही. बाईंनी बाही खाली ओढली आणि कापूस दिला.