आपोआप उगवलेलं

मीटरवाल्यांच्या मते उपाशी राहणं हा निव्वळ आळशीपणाचा प्रकार होता. जगात इतकं काही फुकट उगवत असताना माणूस दुकानात का जातो, हे कोडं त्यांना पाणीखात्यातली नोकरी संपल्यापासून, म्हणजे विचार करायला सवड मिळाल्यापासून, पडलं होतं. हे मत त्यांनी मुलीसमोर मांडलं, तेही नेमकं तिने त्यांच्या फ्रीजचं दार उघडून धरलेलं असताना.

मुलगी दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असताना बोलायची तिला सवय होती, त्यामुळे उत्तराची ती फारशी वाट बघत नसे.

“बाबा, यात एक लिंबू आहे. तेही म्हातारं.”

“फ्रीज काय बघतेस? खिडकीतून बघ. घोळ, चाकवत, आंबुशी. सगळं आपोआप येतं. कुणी पाणीसुद्धा घालत नाही.”

“आई गेल्यापासून तुम्ही जेवता की नुसते बोलता? ते काही नाही. घर भाड्याने द्या आणि आमच्याकडे या. खोली तयार आहे.”

खोली तयार होती, हीच तर पंचाईत. मीटरवाल्यांनी ती पाहिली होती. पलंगाच्या पायथ्याशी टीव्ही, उशाशी घंटी, खिडकीतून गाड्या ठेवायची जागा. त्या खोलीत शिरलेला माणूस तिथून कुठे जाणार, ते स्पष्ट दिसत होतं. इकडे मात्र त्यांनी उभी नोकरी याच गल्ल्यांत काढलेली. घराघराच्या मागच्या भिंतीशी वाकून पाण्याचं मीटर वाचलेलं. पुढच्या दारी सगळेच सभ्य असतात. माणूस कळतो तो मागच्या दारी. एवढी ओळख टाकून जायचं आणि घंटी वाजवत पडायचं?

“आठवडाभर या वस्तीत आपोआप उगवलेल्यावर राहून दाखवतो,” ते म्हणाले. “मीठ आणि पाणी तेवढं माझं. जमलं तर खोलीचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर मी बॅग भरतो.”

मुलीने वाद घातला नाही. दाढ काढू न देणाऱ्या पेशंटशी ती कधीच वाद घालत नसे. दाढच पुढे त्याला समजावते, असा तिचा अनुभव होता. जाताना तिने भिंतीपलीकडच्या सिस्टरना लक्ष ठेवायला सांगितलं. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या शेजारीणबाई. हेरगिरीचं काम त्यांनी उघडपणे, खुर्ची टाकून स्वीकारलं.

आता पाणीखात्यातली एक जुनी रीत सांगायला हवी. फाटकाला कुलूप असलं की मीटर वाचणारा उडी मारून आत जात नाही. तो मागच्या वेळचा आकडा आठवतो, त्यात थोडी भर घालतो आणि पुढे जातो. ‘दार बंद, सरासरी.’ मीटरवाल्यांनी आपला आठवड्याचा स्वयंपाक याच रीतीने ठरवला. शाळेच्या मागच्या भिंतीशी चाकवत, बागेच्या कडेला घोळ, कोपऱ्यावरच्या बंगल्यात तुती. जागेवरून न उठता त्यांचं मनातलं ताट भरलं आणि वर हात धुऊन झाले.

सोमवारी पिशवी घेऊन ते शाळेमागे गेले. तिथे फरश्या होत्या. छान होत्या, एकीला दुसरी चिकटून अशी घट्ट बसवलेल्या. मधून चाकवत काय, मुंगीसुद्धा परवानगी काढून आली असती. बागेच्या कडेला घोळ होती, पण तिची पानं पिवळी पडून एकाच दिशेला मान टाकून पडलेली. काल तणावर औषध मारलंय, असं माळ्याने सांगितलं, आणि वर विचारलं, “तुमचं काही हरवलंय का?” तुती जागेवर होती. फक्त तिला फळ धरायला अजून बराच अवकाश होता, आणि मीटरवाल्यांकडे आठवडाच होता. तळ्याकाठच्या पायवाटेवर आंबुशीचा गालिचा होता खरा. पण सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याने तिथे आपापलं रीडिंग घेऊन ठेवलं होतं.

संध्याकाळपर्यंत पायपीट करून पिशवीच्या तळाशी जे जमलं, ते शिजवल्यावर वाटीच्या तळाशी गेलं. पालेभाजीचा हा स्वभाव त्यांना ऐकून माहीत होता. बायको म्हणायची, “पातेलं बघून खुश होऊ नका, उकळी येऊ द्या.”

मंगळवारी त्यांना घोळीचा एक बरा तुकडा सापडला, शिंप्याच्या दुकानामागे. वाकून दोन मुठी खुडल्या तोच शिंपी टेप गळ्यात घालून बाहेर आला.

“मीटरवाले, ते माझ्या सशांचं आहे.”

“आपोआप उगवलंय.”

“ससेही आपोआपच झालेत. म्हणून काय तुम्हाला देऊ?” शिंप्याने त्यांच्याकडे माप घेतल्यासारखं पाहिलं. “विजार ढिली झालीय तुमची. खाताय काय?”

मीटरवाल्यांनी सांगितलं. शिंप्याने हसू गिळलं. गिऱ्हाइकाचं पोट बघून न हसण्याची त्याची जुनी साधना होती.

“अहो, नुसत्या पाल्यावर माझे ससे राहत नाहीत. त्यांनाही दाणे लागतात. आणि त्यांना तर दिवसभर खाण्यापलीकडे काम नाही.”

हे वाक्य मीटरवाल्यांबरोबर घरी आलं. रात्री ते अंथरुणावर पडून त्याच्याशी भांडत राहिले. पानांत चव होती, आंबटपणा होता, औषधी गुणही असतील. पण पान खाऊन जी ताकद येत होती, ती दुसरं पान शोधण्यातच खर्ची पडत होती. ज्यांनी रानावर दिवस काढले, त्यांच्यापाशी रान होतं. कंद खणायला जमीन होती, कुठे काय कधी येतं ते सांगणारी म्हातारी माणसं होती, आणि एकाला मिळालं नाही तर दुसऱ्याच्या चुलीवर काहीतरी असे. मीटरवाल्यांपाशी एक पिशवी होती आणि एक जुना आकडा.

बुधवारी सिस्टरच्या बाजूच्या भिंतीशी वाकले असताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खालीच बसले. वास्तविक तिथे खुडण्यासारखं काही नव्हतं. सवयीने वाकले होते. सिस्टर खुर्चीवरून उठल्या, त्यांची नाडी पाहिली, आणि घरून डाळीचं गरम कढण घेऊन आल्या.

“हे माझ्या अटीत बसत नाही,” मीटरवाले म्हणाले.

“माझ्या बसतं. प्या.”

त्यांनी प्यायलं. पहिल्या घोटाला लाज वाटली, दुसऱ्याला कमी, आणि पातेल्याचा तळ दिसला तेव्हा ती कुठे गेली ते कळलं नाही. मग मात्र बातमी भिंतीवरून गल्लीत उतरली. गुरुवारी शिंप्याच्या घरून बटाट्याची भाजी आली. ज्या घरांच्या मागच्या भिंतीशी मीटरवाले आयुष्यभर वाकले होते, त्या घरांतून डबे, वाडगी, झाकणाची पातेली मागच्याच दाराने येत राहिली. कुणी विचारलं नाही, कुणी कीव केली नाही. फक्त एकीने दटावलं, “आमचं कुलूप बघून नेहमी वाट्टेल ते बिल लावायचात. आता भोगा.” आणि दोन अंडी ठेवून गेली.

रविवारी मुलगी आली. तिने आल्या आल्या त्यांना खुर्चीत बसवलं.

“आ करा.”

त्यांनी आ केला. दातांच्या फटीत हिरवं होतं.

“म्हणजे खरंच खाल्लंत.”

मीटरवाल्यांपुढे आता सोपा रस्ता होता. हिरवं दिसलंच होतं. त्यात थोडी भर घालायची आणि पुढे जायचं. त्यांनी तोंड मिटलं, स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडलं आणि म्हणाले, “बघून घे. बुधवारी हरलो. तेव्हापासूनचं सगळं दुसऱ्यांचं आहे. बॅग माळ्यावरून काढायची राहिलीय.”

ओट्यावर घासून पालथी घातलेली भांडी होती. मुलीने एकेक उलटून पाहिलं. एकाच्या बुडावर सिस्टरचं आडनाव कोरलेलं, एकाला शिंप्याकडच्या कापडाची चिंधी बांधलेली. बाकीची कुणाकुणाची ते मीटरवाले न अडखळता सांगत गेले.

“ही परत द्यायला नकोत? मग निघू,” मुलगी म्हणाली.

“द्यायला हवीत. पण रिकामी कशी द्यायची? सकाळी थोडी घोळ उकडून ठेवलीय, ती प्रत्येकात घालतो.”

ते सिस्टरचं पातेलं घेऊन गेले. मुलगी दारात उभी राहून बघत होती. सिस्टरनी झाकण उघडलं, आत पाहिलं, त्यांच्या विजारीकडे पाहिलं आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात त्याहून मोठं पातेलं होतं.

मीटरवाले ते सांभाळत आले आणि ओट्यावर ठेवलं. आता तिथे जागा उरली नव्हती.

मुलीने झाकण उचलून वास घेतला. मग पर्स खांद्यावरून काढली आणि खुंटीला अडकवली.

“भांडी देऊन झाली की कळवा,” ती म्हणाली. “तोवर खोलीत पाहुणे झोपवते. आणि मी दर रविवारी येऊन फ्रीज उघडणार. अंदाज चालणार नाही.”

“बरं,” मीटरवाले म्हणाले, आणि दोन ताटं घेतली.