दोन बोटं समुद्र

कॉकपिटच्या दाराशी धाकूने चपला काढल्या.

"अहो धाकूमामा, देऊळ आहे का हे?" श्यामसुंदर हसला.

"ऱ्हावंदे ओ," म्हणत धाकू अनवाणीच आत शिरला आणि मागच्या जादा खुर्चीच्या कडेवर टेकला. श्यामसुंदर उजव्या खुर्चीत बसला. तो इथला इंजिनीयर, वय जेमतेम तीस. डाव्या खुर्चीत कॅप्टन विद्याधर कारखानीस आधीच पट्टा बांधून बसले होते. प्रशिक्षणाचे प्रमुख. वीस वर्षं जेट उडवलेला माणूस, पण बोलताना भुवईसुद्धा हलायची नाही. त्यांना काय आवडलं आणि काय नाही, हे त्यांच्या सहीवरूनच कळायचं.

हे विमान उडत नसे. अंधेरीच्या पार टोकाला, मरोळच्या रस्त्यावर, एका विमान कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात ते लोखंडी पायांवर उभं होतं. नुसतं डोकं, धड नाही. पुढच्या काचेत जो मुलूख दिसे तो शेजारच्या हॉलमध्ये होता: चाळीस फूट लांब, पंधरा फूट उंच असा एक उभा बोर्ड. त्यावर डोंगर, शेतं, धावपट्टी, समुद्र, सगळं बारीक करून बसवलेलं. एक मैल जमीन अडीच फुटांत. बोर्डासमोरून एक कॅमेरा सरकत जाई, आणि कॅमेऱ्याला दिसे ते वैमानिकाला दिसे.

सगळं यंत्र परदेशातून जुनं विकत घेतलेलं, त्यामुळे मुलूखही परकाच आला होता. कॅस्पियन नावाच्या समुद्राचा एक काठ. चारी बाजूंनी जमीन आणि मध्ये समुद्र, हे ऐकून धाकूला पहिल्या दिवशी हसूच आलं होतं. गेल्या वर्षी एअरकंडिशनचं पाणी बोर्डामागे झिरपलं आणि या काठाचा पाच फुटांचा तुकडा पापडासारखा फुगून गळून पडला. नवा मागवायचा तर वर्ष गेलं असतं. तेव्हा श्यामसुंदरला हॉलमध्ये रोजंदारीवर पाइप रंगवणारा हा पन्नाशीचा माणूस आठवला. धाकू परब. संप होऊन मिल बंद पडेपर्यंत सव्वीस वर्षं मिलच्या रंगखात्यात होता. कापडाचा एक रंग दुसऱ्यात कुठे मिसळला हे बोट लावूनही कळू नये, असा त्याचा हात.

तीन महिने धाकू त्या तुकड्याला चिकटून होता. हाताशी एक नकाशा आणि दुरून काढलेला एक फोटो, बस. आज कॅप्टन ते काम तपासणार होते. पास केलं तर धाकू कंपनीत कायम, बोर्डाचा पेंटर म्हणून. नाही केलं तर तुकडा परदेशातून येणार आणि धाकू मरोळच्या कारखान्यांत मशिनांवर फवारे मारायला परत जाणार. दोन वर्षं त्याने तेच केलं होतं. मशिनचा रंग एकच असतो, राखाडी.

"सोडतो," कॅप्टन म्हणाले.

जमीन मागे कलली. धाकूने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. काचेतली धावपट्टी खाली गेली, डोंगर आडवा झाला आणि मग डाव्या हाताला समुद्र आला.

त्याचा समुद्र. तीन महिने तो नाकापासून वीतभर अंतरावरून बघत होता, पण असा नव्हता बघितला. भुशाला हिरवा रंग देऊन चिकटवलेली झाडं आता खरोखरची राई झाली होती. काथ्याचं गवताळ बेट झालं होतं. पॉलिश कागदावर सात वेळा रंग चढवून केलेली वाळू उन्हात पसरली होती. आयुष्यात विमानात न बसलेला हा माणूस स्वतः केलेल्या किनाऱ्यावरून उडत होता. त्याची छाती अशी भरून आली की त्याला कुणाला तरी हाक मारावीशी वाटली.

"धावपट्टी नंतर बघू," कॅप्टन म्हणाले. "आधी हा काठ नीट फिरून येतो."

ते अगदी खाली आले आणि काठाकाठाने निघाले. एक वळण, एक खाडी, पुढे आलेलं खडकाचं टोक, त्याच्या आड लपलेली पुळण. खाडीचं तोंड आलं तेव्हा त्यांनी विमान इतकं हळू वळवलं की श्यामसुंदरने धाकूकडे मागे वळून डोळे मिचकावले.

"साहेब," धाकूला राहवलं नाही. "शनवारी घरच्यांना दाखवायला आणतात लोक. मी आणू?"

"आणा की."

आणि तेवढ्यात त्यांनी एक बटण दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं. डोंगर थांबले, समुद्र थांबला.

"हे काय आहे?" त्यांनी काचेकडे बोट केलं. पाणी आणि कोरडी वाळू यांच्या मध्ये गडद, ओलसर पट्टा होता. त्यात उघडे पडलेले काळे कातळ, त्यांच्या बुंध्याशी हिरवं शेवाळ, खाडीच्या तोंडाशी चिखल.

"सुकती," धाकू अभिमानाने म्हणाला. "ओहोटी हो साहेब. वाळू सपाट आहे ना, मग पाणी लांब जाणारच. त्या पट्ट्यालाच तीन आठवडे लागले मला. ओल दाखवणं लई कठीण."

"धाकू, या समुद्राला भरती-ओहोटी नाही."

धाकू हसला. मग कॅप्टन हसत नाहीत हे बघून थांबला.

"असं कसं होईल साहेब? समुद्र आहे ना?"

"चारी बाजूंनी बंद आहे तो. मी उभा राहिलोय त्या काठावर. तेहरानला मुक्काम असायचा तेव्हा गेलो होतो. सकाळी जिथे पाणी, संध्याकाळी तिथेच."

धाकूने थांबलेल्या पाण्याकडे पाहिलं. "मग तिथली माणसं," त्याने विचारलं, "होडी कधी सोडायची ते ठरवतात कशी?"

श्यामसुंदर हसणार होता, पण हसला नाही.

"पट्टा किती रुंद आहे बोर्डावर?" कॅप्टननी विचारलं.

"दोन बोटं."

"तुमची दोन बोटं म्हणजे तिथले अडीचशे फूट. धावपट्टी पाण्यापासून किती लांब, ते बघून आमची पोरं उंचीचा अंदाज घेतात. इथे चुकीचं शिकली तर खऱ्या विमानात चुकतील. काम सुंदर आहे. पण समुद्र चुकलाय. शनिवारी परत बघतो. नाही जमलं तर मागवावा लागेल."

संध्याकाळी नाहूरच्या खोलीत धाकूची बायको जानकी भाकरी थापत होती. धाकूने हातपाय धुतले आणि म्हणाला, "शनवारी येव नको."

"कित्याक?" जानकीने तव्यावरून नजर काढली नाही. "मी आख्ख्या चाळीक सांगलंय, घोवान समुद्र केल्यान म्हणान. आता येव नको?"

काम नापास होताना बायको मागच्या खुर्चीत नसावी, एवढंच त्याला हवं होतं. पण ते तोंडातून निघालं नाही. त्याने ताट पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी तो बोर्डासमोर उभा राहिला तेव्हा हात चालेना. मालवणच्या अलीकडच्या एका वाडीत तो वाढला होता. तिथे शाळेची वेळ मास्तरांपेक्षा सुकती ठरवायची, कारण खाडी ओलांडायची असे. हा पट्टा काढताना त्याने फोटो बघितलाच नव्हता, बघायची गरजच वाटली नव्हती. ओल्या वाळूत आभाळ उतरतं तो निळसर राखाडी रंग त्याला सव्वीस वर्षांत मिलमध्ये एकदाही साधला नव्हता, इथे साधला होता. आणि आता तोच बुजवायचा. त्याला रडू आलं, आणि रडू येतंय याचा रागही आला. राग आला तसा त्याने ब्रश उचलला.

पाणी वर चढवणं म्हणजे नुसता निळा फासणं नव्हे. काठचं पाणी उथळ, त्याच्याखालून वाळू दिसली पाहिजे. त्याने ओल्या पट्ट्यावर पातळ रंगाचे थर दिले, एक सुकला की दुसरा. कातळ कानशीने घासून बसवले, फक्त डोकी वर ठेवली. खाडीचा चिखल पाण्याखाली नेला, पण असा, की नीट बघणाऱ्याला तो अजून तिथेच आहे हे कळावं. पाण्याची कड आता नकाशातल्या रेषेवर आली होती. केलेलं काम त्याने पुसलं नाही, बुडवलं.

गुरुवारी दुपारी मागे काहीतरी घरघरलं. कॅमेरा होता. बोर्डाच्या डोंगराकडच्या बाजूने तो सावकाश सरकत आला, काठाला लागला, आणि धाकूच्या कोपरापासून हातभर अंतरावर थांबला. धाकूने हात मागे घेतला. भिंतीवरचा फोन वाजला.

"हात काढू नका," कॅप्टनांचा आवाज. "इथून डोंगराएवढा दिसतोय. चालू द्या."

धाकूने चालू दिलं. कॅमेरा अर्धा तास हलला नाही.

शनिवारी जानकी आलीच. हिरवं पातळ, अंबाड्यात अबोली, आणि पायांत चपला नाहीत; त्या तिने नवऱ्याच्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या. श्यामसुंदरने तिला मागच्या खुर्चीत बसवलं आणि तो पुढे उजवीकडे जाऊन बसला. धाकू तिच्यामागे दाराला टेकून उभा राहिला. एक हात त्याने पाठीमागे बांधला होता.

कॅप्टन चढले, वळले, खाली आले, सगळ्या काठाने फिरले. वळण, खाडी, खडकाचं टोक, पुळण. तीनदा धावपट्टीवर उतरले. मग वर जाऊन समुद्रावर आले, बटण दाबून सगळं थांबवलं आणि मांडीवरच्या कागदावर लिहायला लागले. पेन थांबे, ते काचेकडे बघत, परत लिहीत. सहीची जागा खाली होती, आणि ती अजून कोरी होती.

जानकी पुढे वाकली होती. विमानात बसल्याची भीती ती केव्हाच विसरली होती.

"भरती पुरी झाली हो," ती मोठ्याने म्हणाली. "कातळ सगळे बुडाले बघा."

धाकूने डोळे मिटले. श्यामसुंदर जागच्या जागी ताठ झाला. कॅप्टनांचं पेन थांबलं, आणि ते खुर्चीत मागे वळले.

"वहिनी, हा समुद्र तुम्ही कधी पाहिलाय?"

"नाय ओ. मी कुठे बघणार? पण कातळाच्या मानेपर्यंत पाणी आहे, खाली चिखल दिसतोय. म्हणजे भरतीच ना?"

कॅप्टन परत काचेकडे वळले. थांबलेल्या त्या काठाकडे त्यांनी खाडीपासून पुळणीपर्यंत सावकाश बघितलं. स्वतःच्या पायांनी तो काठ तुडवून आलेला माणूस होता तो.

"भरतीच आहे," कॅप्टन म्हणाले. आणि त्यांनी सही केली.

श्यामसुंदरने मागे वळून धाकूकडे बघत मूठ आवळली. जानकीला यातलं काही कळलं नाही. ती अजून पाणी बघत होती.

"मगे सुकती कधी लागतली?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

धाकूने मागे बांधलेला हात सोडला आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"हयसर सुकती नाय," तो म्हणाला. "पाणी मी वरच ठेवलंय."